एक बोट हळद

दिग्विजयच्या यंत्रात हलणारा एकही भाग नव्हता. त्यामुळे ते बिघडूच शकत नाही, असं तो पाच वर्षं सांगत होता.

पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाटीत दोन फाट्यांचा मार्ग कोरलेला. खालून आलेली जाड धार एका फाट्याच्या भिंतीला चिकटून बाहेर पडे. दोन्ही बाजूंना सुईएवढं भोक आणि त्याला रबरी फुगा; धार असलेल्या बाजूचा फुगा दाबून थेंबभर पाणी सोडलं की सगळी धार दुसऱ्या फाट्यात वळे. वीज नको, चावी नको.

"काय हालतच न्हाई, तर पाच वर्सं करतूयास काय रं?" कवठे महांकाळच्या रंगुबाईंनी सांगलीत शिकणाऱ्या मुलाला विचारलं होतं.

साताऱ्याचे परीक्षक डॉ. राजवर्धन दोनदा सही न करता परतले होते. पाणी पारदर्शक, पाटी पारदर्शक. धार भिंतीला चिकटते हे पाहायचं कुठे, असा त्यांचा प्रश्न. तिसऱ्यांदाही दिसलं नाही, तर दिग्विजयची पीएचडीची नोंदणी रद्द.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पांढऱ्याशुभ्र शर्टात आले. दिग्विजयने यंत्र सुट्टीत गावी घरी नेलं होतं, ते परत आणलं. सोबत रंगुबाईही आल्या. धार उजवीकडे सुरू झाली. दिग्विजयने उजवा फुगा दाबला. धार हलली नाही. पुन्हा दाबला. सहकारी सोनमने पाण्याचा दाब वाढवला. डॉक्टरसाहेब कोरड्या डाव्या बाजूला जाऊन वाकून पाहू लागले.

त्याच क्षणी धार वळली. पाणी झेलायला ठेवलेला टब ओलांडून थेट साहेबांच्या छातीवर. पिवळी.

घाबरलेल्या दिग्विजयने डावा फुगा दाबला. काहीच नाही. साहेब जीव वाचवत उजवीकडे पळाले आणि धार तिकडे वळली. लाल. मुख्य नळ बंद करायचं भान तोवर कुणालाच नव्हतं.

सोनमने नळ बंद केला. साहेबांच्या शर्टातून पिवळं-लाल पाणी टिपकत होतं.

"आवं सायेब," रंगुबाई शांतपणे म्हणाल्या, "खंडेनवमीला इळ्याखुरप्यासंगं ह्याचीबी पूजा केली. दोन भोकं हुती. एकाला हळद लावली, एकाला कुकू."

दिग्विजयने डोळे मिटले. पाच वर्षं एका बोटाखाली गेली होती.

उघडले तेव्हा साहेब चष्मा पुसून पाटीवर ओणवे झाले होते. एका भिंतीलगत पिवळी रेघ, दुसरीलगत लाल. धार कुठे चिकटली आणि कुठे सुटली, सगळं उमटलं होतं.

"हे आधी का नाही दाखवलंत?" असं म्हणून त्यांनी ओल्या हातानेच सही केली. फक्त रंगाचं प्रमाण प्रबंधात नोंदवा, एवढी अट घातली.

दिग्विजयने आईला विचारून प्रामाणिकपणे लिहिलं : हळद व कुंकू, प्रत्येकी एक बोट.

महिन्याभराने साताऱ्याहून प्रबंध एकाच शंकेसह परत आला : कोणते बोट?