हसनचाचांच्या एकवीस मॅचेस

आमच्या खोलीत शुक्रवारचं जेवण हाफ टाइमला मिळतं. खरंच सांगतोय! नमाजहून आले की हसनचाचा सुरमईचं कालवण करतात, पातेलं खाली उतरवतात, वर झाकण ठेवतात आणि झाकणाला राखण म्हणून शेजारीच मांडी ठोकून बसतात. "यल्ला, टॉस झाला!" म्हणतात, यल्ला म्हणजे चला, आणि एक जुनी मॅच सांगायला लागतात. आता फर्स्ट हाफ संपेपर्यंत झाकण उघडत नाही. आम्ही तिघं भुकेने मरतोय, वासाने डोकं फिरतंय, आणि ही मॅच झाली कधी म्हणाल तर देश स्वतंत्र व्हायच्या आधी!

चाचा राजापूरकडचे. तीस वर्षं बहरीनमध्ये, त्यातली बरीचशी नईम मोहल्ल्यातल्या ह्याच खोलीत. एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. मी त्याच कंपनीत एसीचं काम करतो, म्हणून माहितीय, ह्यांच्याकडे एक वॉशर मागितला तरी जुना घासलेला आधी दाखवावा लागतो. पण मॅच? ती न मागता मिळते.

तर चाचांचा बापूस मुंबईच्या एका कॉलेजात शिकायला होता आणि फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. त्या टीमने एका सीझनमध्ये म्हणे एकवीस मॅचेस जिंकल्या. वीस नाही, बावीस नाही. समोर कधी गोऱ्यांची पलटण, कधी रेल्वेवाले, कधी जहाजावरचे खलाशी. सगळे हरले. "एकवीस मॅचेस, आणि माझ्या बापसावर गोल मफी!" म्हणजे शून्य. प्रत्येक मॅचमध्ये एक वाक्य ठरलेलं: "रेफ्री गोरा, पण इमानदार."

"चाचा, गोऱ्यांच्या पायात बूट आणि आपले अनवाणी?"

"बूट कशाला? पाय होते ना!"

वर्ल्ड कप चालू होता तेव्हा आम्ही टीव्हीला चिकटलेलो. चाचा आले आणि सरळ आवाज बंद केला. "ही पोरं धक्का लागला की लोळतात. माझ्या बापसाला घोडा लागला होता, घोडा! साहेबाचा उधळलेला. तरी बॉल सोडला नाही."

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे ह्या टीमचा हाफ टाइम. खेळाडू काय घ्यायचे? लिंबू? सरबत? नाही. पेज! तांदळाची, गरम, मीठ घातलेली. मुंबईचं कॉलेज, मैदानावर गोरे ताटकळलेत आणि आपली अकरा माणसं फुंकर मारून पेज पितायत. वाडगं रिकामं झाल्याशिवाय सेकंड हाफ सुरूच होत नाही. इमानदार रेफ्रीसुद्धा थांबलेला! मी हसून लोळायचो. चाचा गंभीर. "पेज संपली तरच मॅच. नियम होता."

मग मी सुट्टीवर महाडला गेलो. माझा मावसभाऊ राजू नेमका त्याच कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला चिकटलाय. मी मुंबईत त्याला गाठून म्हटलं, राजू, जुने वार्षिक अंक काढ. त्याने धूळ खात काढले. आणि सापडलं! मी अक्षरशः उडालो. इंग्लिशमध्ये चार ओळी: ह्या वर्षी आमची टीम स्पर्धेत उतरली, पलटणीकडून पहिल्याच मॅचमध्ये आठ-शून्यने हरली. गोलकीपरचं नाव? चाचांच्या बापसाचं! सीझन खलास. एकवीसपैकी वीस मॅचेस झाल्याच नव्हत्या, आणि जी झाली ती अशी.

मी झेरॉक्स काढली. विमानात चार वेळा वाचली. येत्या शुक्रवारी कालवणाच्या पातेल्यासमोर, सगळ्यांच्या देखत वाचायची, हे पक्कं ठरवलं. मला इतका आनंद व्हिसा आला तेव्हाही झाला नव्हता.

आणि गुरुवारी मी तापाने आडवा. गावचं पाणी भोवलं. टायफॉइड! थेट सलमानियाच्या हॉस्पिटलात. काही खाववेना. डॉक्टर म्हणाले खा, नर्स म्हणाली खा, मी भिंतीकडे तोंड केलं.

हसनचाचा ड्यूटी संपवून रोज यायचे, हातात थर्मास. चौथ्या दिवशी कॉटवर टेकले आणि म्हणाले, "यल्ला, टॉस झाला."

माझं डोकंच सटकलं. इथे जीव जातोय आणि ह्यांचा टॉस! उशाच्या पिशवीतून झेरॉक्स ओढली आणि त्यांच्या हातात कोंबली. "पुरे, चाचा. एकच मॅच झाली होती. आठ गोल खाल्ले तुमच्या बापसाने. आठ!"

चाचांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून वाचलं. बापसाच्या नावावर बोट जरा जास्तच थांबलं.

"आठ नाही रे, नऊ," ते म्हणाले. "एक ह्यांनी लिहिलाच नाही."

मी कोपरावर उठलो.

"बापसानेच सांगितलं मला, माझ्या निकाहच्या दिवशी. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

"मग एकवीस मॅचेस?"

"मी नऊ वर्षांचा होतो. हाच ताप. एकवीस दिवस. तोंडात थेंब घेत नव्हतो. आईने हात टेकले. मग बापूस रोज संध्याकाळी एक मॅच आणायचा. हाफ टाइमला थांबायचा, आणि पेज." चाचा थर्मासचं झाकण फिरवत होते, ते काही उघडेना. "मला पण तीन पोरं. तिघांनाही ताप आले असतील ना? पत्र यायचं महिन्याने, पोरगा बरा आहे म्हणून. एकालाही एक मॅच सांगता आली नाही. मोठी झाली ती."

शेजारच्या कॉटवरचा केरळी माणूसही आमच्याकडे बघत होता, भाषा कळत नसूनही.

  

चाचांनी झेरॉक्सची नीट घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली. झाकण उघडलं. वाफ आली. वाटीत पेज ओतली, चमचा भरला, फुंकर मारली.

"मॅच पहिली. समोर गोऱ्यांची पलटण. माझा बापूस गोलमध्ये."

"रेफ्री?" मी विचारलं.

"गोरा."

"पण इमानदार," मी म्हटलं, आणि तोंड उघडलं.