वाजणारी ज्वारी

टुंग.

दुपारची जेवणं आटोपून सगळं घर आडवं झालं होतं, आणि आवाज आला तो कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कोठीतून. तिसरीतल्या पायलने वहीतून मान वर केली.

"आई, ज्वारी वाजली."

जयमालाने मेथी निवडणं थांबवलं नाही. "ज्वारी कुठी वाजते का, बेटा?"

"आपली वाजते. काल बी वाजली होती."

झालं होतं असं की, पायलच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई मेंदूबद्दल सांगून गेल्या होत्या. पायलने घरी येऊन त्याचं सार सांगितलं, "टुंग झालं की मेंदूले खुशी भेटते. मंग तो दिवसभर टुंगचीच वाट पाह्यते. दुसरं कोणी बोललं तं त्याले ऐकूच येत नाही." यावरून माय-लेकींत करार झाला. आठ दिवस दोघींनीही मोबाईल पाहायचा नाही. आई हरली तर पायलला रोज एक तास मोबाईल. पायलने ही बातमी वर्गात फोडली, आणि बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मोबाईल सोडलेली आई – जयमालाताई'. पुढे पाच दिवस तो कोपरा कोणी पुसला नाही. उद्याच्या पालकसभेत जयमालाने आपला अनुभव सांगायचा, असंही ठरलं.

मोबाईल कपाटात कुलूपबंद होता. म्हणजे त्याचं कव्हर होतं. मोबाईल ज्वारीत होता.

कोठीत हात घालायचा तर ज्वारी काढायला हवी, आणि सगळ्यांदेखत काढलेली ज्वारी परत कशी टाकणार? त्यामुळे दिवसातून सहा-सात वाट्या निघत होत्या आणि घरात दोन्ही वेळ भाकरी होत होती. सासरे महादेवराव कालच ताटाकडे बघून म्हणाले होते, "पोळी बंद झाली का आपल्याकडे?" सकाळच्या शाळेतून पायल दारातूनच ओरडायची, "आई, आली मी!" तेव्हा कोठीत डोकं घातलेल्या आईचं आतूनच उत्तर यायचं, "हं."

"सांग ना, काऊन वाजली?" पायल म्हणाली.

"सोंडे झाले असतीन," जयमाला म्हणाली, आणि तिथेच चुकली.

पलीकडे डोळे मिटून पडलेल्या सासूबाई, कौशल्याबाई, उठून बसल्या. चाळीस वर्षं या घरातलं धान्य त्यांनी सांभाळलं होतं, आणि त्यात कीड झाल्याचं आज पहिल्यांदाच, तेही सुनेच्या तोंडून, त्या ऐकत होत्या.

"माह्या कोठीत सोंडे? मी सोताच्या हातानं कडुलिंबाचा पाला टाकला!"

"थोडेसेच असतीन, आत्याबाई."

"अन् सोंडे वाजतात का वं?"

"लय झाले की वाजतात."

"आता तं म्हनली थोडेसेच!" सासूबाईंनी पदर खोचला. "उठ. कोठी रिकामी कर. गच्चीवर ताडपत्री टाकू, ऊन दाखवू."

"तुम्ही बसा, मीच करतो," म्हणत जयमालाने दंडापर्यंत हात खुपसला, मोबाईल मुठीत धरला आणि दोन पसे ज्वारीसकट दळणाच्या डब्यात सोडला. वरून आणखी ज्वारी लोटली. "एवढी चांगली दिसते. दळाले ठेवतो."

उरलेली ज्वारी गच्चीवर पसरून ती खाली आली, तर डबा जागेवर नव्हता.

"आबा घेऊन गेले चक्कीवर," पायलने सांगितलं. "म्हने, लवकर दळली तं लवकर संपन, मंग पोळी भेटन."

जयमाला पळाली. पायलही मागे पळाली. मोबाईलचं पीठ होईल, ही काळजी जयमालाला वाटायला हवी होती. पण मारुतीच्या पारापर्यंत तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता : तो टुंग कशाचा होता?

चक्की घरघरत होती. महादेवराव डबा रांगेत ठेवून चहाला गेले होते आणि चक्कीवाल्या गोविंदाने नेमका तोच डबा उचलला होता.

"भाऊ, थांबवा!"

"काऊन, वहिनी?"

खरं सांगण्यासारखं नव्हतं. "सोंडे हायत त्याच्यात!"

गोविंदाने खटका पाडला. रांगेतल्या रुखमाबाई चटकन उठल्या. "आत्ता हो! म्हंजे आमच्या पिठात बी येतीन! गोविंदा, पह्यले चक्की धून काढ."

"चक्की धुतात का, काकू? गाय हाय का ते?"

"मंग आमचे डबे वापस दे."

"हाव, आमचे बी!" बाकीच्या बायांनी सूर धरला. कोणी डबा काखेत मारला, कोणी निघता निघता जयमालाच्या सासूचं नाव घेऊन हळहळली.

"थांबा ना बाप्पा!" धंदा उठायला लागलेला बघून गोविंदाने डब्यात कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग हात बाहेर काढला आणि त्यातली वस्तू फुंकर मारून वर धरली.

"वहिनी, सोंडा सापडला," तो म्हणाला. "मोठा हाय."

टुंग.

पडद्यावर उजेड पडला. वाचायला पायलच सगळ्यात जवळ होती. तिने शाळेतल्यासारखं मोठ्याने, तुटक तुटक वाचलं, "'ताई, उद्या मोबाईल सोडल्याचा अनुभव नक्की सांगा. तुम्ही लगेच उत्तर देता म्हणून बरं. बाकीचे पालक पाहतसुद्धा नाहीत.'" मग खालचं नाव वाचलं. "आपल्या बाई."

रुखमाबाईंनी आपला डबा हळूच परत रांगेत ठेवला.

घरी परतताना डबा जयमालाच्या डोक्यावर होता आणि मोबाईल हातात. पाराजवळ ती थांबली. मोबाईल पायलपुढे धरून म्हणाली, "घे. जिंकली तू. रोज एक तास."

पायलने हात पुढे केला नाही. तिने आधी मोबाईलकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. गणितातलं काहीतरी अडल्यावर दिसायची, तशी ती दिसत होती.

"आई, मी शाळेतून येतो अन् 'आली मी' म्हनतो ना," तिने विचारलं, "तवा तुह्या मेंदूत टुंग होते का?"