अण्णांचे जावईबापू

जिन्यात अण्णा तोरसकर दम खात उभे दिसले, तेव्हा परोपकाराच्या भरात मी त्यांचा डावा दंड धरला. अण्णा असे किंचाळले की खालची सगळी दारं उघडली. एका कॅन्सरच्या म्हाताऱ्या पेशंटला मी बदडतोय, अशाच नजरेने लोक माझ्याकडे बघत होते.

"मेल्या, जावईबापूंच्या अंगाला हात लावलास," अण्णा म्हणाले.

कोपरीतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत अण्णा आमच्या बरोबर वरच्या घरात राहतात. मूलबाळ नाही, वहिनी गेल्यापासून एकटेच. केमोसाठी त्यांच्या दंडातून एक बारीक नळी पार छातीपर्यंत सोडलीय. ती काही महिने तिथेच राहणार. तिचं नाव जावईबापू. "मान ठेवायचा. हात धुतल्याशिवाय जवळ जायचं नाही, ओलं होऊ द्यायचं नाही. रुसले की ताप. मग नळी काढतात आणि माझी केमो लटकते."

एकदा सोबत म्हणून मी हॉस्पिटलात गेलेलो. मोठे डॉक्टर पट्टी बघायला आले, तर अण्णांनी हात पाठीमागे लपवला. "आधी हात धुवा." माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर मात्र मुकाट्याने बेसिनकडे गेले. शेजारच्या खाटेवर शहाडचे एक गृहस्थ होते. त्यांच्याही दंडात अशीच नळी, आणि घरी त्याच हाताने ते पाण्याचा हंडा उचलतात असं कळताच अण्णांनी त्यांच्या बायकोला गाठलं. "काय हो वहिनी, जावयाकडून पाणी भरून घेता?" ती बाई आधी चपापली, मग तिने नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांचा हंडा तिथेच सुटला.

गेल्या रविवारी बायकोने थालीपीठं देऊन मला वर पाठवलं. दार नुसतं लोटलेलं. आत गेलो आणि डबा हातातून निसटता निसटता राहिला. बाथरूमच्या अर्धवट दारातून एक अख्खा हात बाहेर आला होता आणि स्टुलावर, टॉवेलच्या घडीवर, निवांत पडला होता. आत पाणी ओतल्याचा आवाज.

"अण्णा?" माझा आवाज फाटला.

"घाबरू नकोस. सासऱ्यांची आंघोळ चाललीय, जावई बाहेर बसलेत."

मी हसलो. मग म्हणालो, "अहो, प्लास्टिक गुंडाळायचं ना वरून."

"एका हाताने घट्ट बसत नाही रे, पाणी आत जातं. त्याला दुसरं माणूस लागतं." आतला आवाज थांबला. मग तांब्या पुन्हा बुडाला. "थालीपीठाचा वास येतोय. ठेव टेबलावर."

खाली येऊन बायकोला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि वर छताकडे बघितलं.

"उद्या त्यांना विचारून बघतो," मी म्हणालो.

"विचारू नका, नको म्हणतील," ती म्हणाली. "सरळ प्लास्टिक घेऊन जा आणि बांधून या."