किमोनोबाबत उचित कार्यवाही

मे महिन्यातल्या एका सोमवारी तासगावच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक गुणमाला चौगुले पंजाबी ड्रेसवर किमोनो घालून हजर झाल्या. पुढून उघडा, पातळ, निळ्या फुलांचा. मोबाईलवरच्या एका पोरीनं त्यांना पटवलं होतं, की जुन्या कपड्यांवर असा हलका थर चढवला की बाई बोहेमियन होते. बोहेमियन म्हणजे मुक्त. मुक्त दिसायला निदान तीन थर, दोन माळा आणि झालरीची पिशवी लागते. गुणमालाबाईंनी एका थरावर भागवलं.

पंख्याखाली किमोनो फडफडला आणि प्रशासन जागं झालं.

कार्यालयप्रमुख रविराज साहेबांनी पोशाखाचे नियम काढले. त्यात साडी होती, ओढणी होती. किमोनोला मनाई नव्हती, म्हणजेच परवानगीही नव्हती. मग समिती नेमली गेली. हा कपडा आहे की कपड्यावरचा कपडा? कपडा असेल तर बटणं कुठं आहेत? यावर तीन बैठका झाल्या.

सुनावणीत गुणमालाबाई म्हणाल्या, "आवं सायेब, द्राक्षबागेत बायका लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट घालत्यात. दुकानाला जाताना गाऊनवर टॉवेल टाकत्यात. त्यास्नी कवा कुणी नोटीस दिली व्हय?"

"त्यांचं वेगळं आहे," साहेब म्हणाले. "त्या काम करतात. हे कार्यालय आहे."

अहवाल निःपक्षपाती होता. किमोनो निर्दोष ठरला. तो थंड हवेत घ्यायचा थर असून तासगावची हवा उष्ण आहे, सबब दोष हवामानाचा, असा निष्कर्ष निघाला. हवामान बदलण्याचे अधिकार कुणालाच नव्हते. कर्मचारी बदलण्याचे होते. 'पोशाखास अनुरूप हवामान उपलब्ध व्हावे' म्हणून गुणमालाबाईंची डोंगरातल्या, थंड हवेच्या पाटणला बदली झाली.

आदेश वाचून त्यांनी आधी एसटीचं वेळापत्रक काढलं. घरी त्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासू सुंदरीबाई; तिसरं कुणी नाही. जैनाघरचा नेम, सूर्य मावळला की तोंडात घास घ्यायचा नाही. ऑफिस सुटलं की धावत घर गाठून उजेड आहे तोवर त्यांना भरवायचं, हा दहा वर्षांचा क्रम होता. पाटणहून कराडला एसटी बदलून येईपर्यंत रात्र व्हायची.

त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं : 'सूर्यास्ताची वेळ या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.'

"मग मी किमोनोच घालत न्हाई," त्या साहेबांना म्हणाल्या.

"असं कसं? तो निर्दोष आहे," साहेबांनी त्यांची समजूत घातली.

निरोपाला चहा-फरसाण झालं. "लय वाईट झालं," असं सगळेच म्हणाले. बदली रद्द करण्याच्या विनंतीवर सही मात्र कुणी केली नाही. ज्याला त्याला आपापलं गाव प्यारं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मंगलताई तर डोळे पुसतच जवळ आल्या.

"गुणमालाताई, पाटणच्या पावसात ह्यो काय टिकायचा न्हाई. हितंच ठिवून जावा की. मला निळा लय खुलतो."

गुणमालाबाईंनी किमोनो काढून दिला. पुढच्या सोमवारी मंगलताई तो घालून आल्या. आता निर्णय झालेला होता, त्यामुळे साहेबांनी हरकत घेतली नाही. उलट रंग छान आहे म्हणाले.

त्याच संध्याकाळी कराडच्या स्टँडवर तासगावची गाडी लागायची होती आणि सूर्य मावळला. सासूबाई आज उपाशी झोपणार, हे कळून गुणमालाबाईंना रडू कोसळलं. भोवतीच्या माणसांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

आणि वाचकहो, तुम्ही तर मघापासून हसताय.