दिवसापुरती सोयरीक

“सर, तुमची स्वतःची आई कुठं राहते?”

एवढंच विचारायचं. तेही मॅनेजरच्या डोळ्यांत डोळे घालून. विचारलं, तर महिनाभर एसटीतली खिडकी रुद्राणीची. नाही विचारलं, तर महिनाभर आरोही आणि शिवांजली ह्या मैत्रिणींची दप्तरं रुद्राणीच्या मांडीवर. घाटनांदूरहून अंबाजोगाईला कॉलेजात जाणाऱ्या बसच्या शेवटच्या बाकावर ही पैज लागली, आणि खड्डा आल्यामुळे तिघींनी एकदमच मान हलवली, म्हणजे ती पक्की झाली.

“वृद्धाश्रमवाला ह्या प्रश्नाला गडबडला की समजायचं, जागा बोगस हाय,” शिवांजली म्हणाली.

“तुझ्यानं विचारणं व्हायचं न्हाई,” आरोहीने काडी टाकली.

“हॅत्! बीडला भरल्या सभागृहापुढं बोलून दुसरा नंबर आणलाय मी. एका मॅनेजरला भिते का?”

वक्तृत्व स्पर्धेतल्या त्या दुसऱ्या नंबरापासून रुद्राणीचा आवाज कायमचा एक पट्टी वर गेला होता. हल्ली ती “मीठ दे” हेसुद्धा हात पुढे करून, सभेला उद्देशून म्हणायची. पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत तिचा आवाज जरा खाली आलाच. कारण प्रश्न पैजेचा असला, तरी माणूस तिचा होता. रविवारी जी जागा बघायला जायचं होतं, ती अप्पांसाठी होती.

सिद्धाराम अप्पा म्हणजे रुद्राणीचे आजोबा. त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं. घरात मात्र “अप्पांचं सुरू झालं” एवढंच म्हणत. मागच्या महिन्यात ते सकाळीच उठून आपलं दुकान उघडायला गेले. दुकान विकून जमाना झाला होता, तिथं आता मोबाईलवाला बसायचा. अप्पा त्याच्या खुर्चीत बसले आणि मोबाईलचं कव्हर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाले, “किती किलो बांधू?”

हसू येण्यासारखंच होतं. पण त्यांना शोधत भर उन्हात सगळी पेठ पालथी घातली ती मम्मीने. गॅस बंद आहे का बघायचं मम्मीने, रात्री कडी वाजली की दचकून उठायचं मम्मीने. गंगासागर वहिनींचे, म्हणजे मम्मीचे, ब्लाऊज म्हणजे गावात नाव. पण शिलाई मशीनवर आता वाळवणाचं फडकं पडलेलं असायचं. शेवटी पप्पा, म्हणजे केदारनाथ, म्हणाले, “एकदा जागा बघून तर येऊ. दोन दिवस ठेवून बघू.” मम्मीने मशीनवरचं फडकं नुसतं सारखं केलं. रुद्राणीला अप्पा घरातून जायला नको होते, आणि मम्मीचे सुजलेले डोळेही बघवत नव्हते. ह्या दोन्हीचं काय करायचं, ते वक्तृत्वाच्या पुस्तकात नव्हतं.

आता अप्पांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. एकेकाळी पंचक्रोशीत अप्पांनी स्थळ बघितल्याशिवाय कुणी सुपारी फोडत नसे. त्यांची एक खास परीक्षा होती. समोरच्याला एकच प्रश्न तीनदा विचारायचा. पहिल्यांदा माणूस शहाणपणानं उत्तर देतो, दुसऱ्यांदा लाजेकाजेनं. तिसऱ्यांदाही न चिडता उत्तर दिलं, तर ते घर सोयरिकीला चांगलं. अप्पांचं एकही लग्न मोडलं नव्हतं म्हणतात. हल्ली ते प्रत्येक प्रश्न तीसदा विचारायचे. त्यामुळे आजार कुठला आणि परीक्षा कुठली, हे कळायला मार्ग नव्हता.

रविवारी पप्पांनी अप्पांना खरं काही सांगितलं नाही. “पाहुण्याकडं जाऊन येऊ,” म्हणाले. अप्पा एकदम ताठ झाले. कडक इस्त्रीचं धोतर नेसले, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, जाकीट मागितलं.

“किती जण हावोत आपण?”

“चौघं, अप्पा.”

“चार न्हाई चालत. पाच पायजेत.”

“कावून?”

“पाच पायजेत म्हणजे पायजेत!”

मग जीपचा ड्रायव्हर सटवा याला पाचवा धरला. वर अप्पांनी वाटेत जीप थांबवून पेढे घ्यायला लावले. पप्पांना वाटलं, अप्पा खुशीत आहेत. रुद्राणीला मात्र काहीतरी शिजतंय असं वाटलं. पण तिचं सगळं लक्ष पैजेच्या प्रश्नाकडे होतं.

‘मोगरा निवास’ अंबाजोगाईच्या अलीकडे, रस्त्यालगतच होतं. एसटी दारातच थांबायची. मॅनेजर विजयसिंह सर हात जोडून पुढे आले. ओसरीत खुर्च्यांची रांग होती. पाचही जण ओळीने बसले, सटवासुद्धा, चप्पल काढून. समोर सर बसले. पाणी आलं, चहा आला. आणि मग आतून डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेल्या सुशीलाच्या बशा घेऊन बायडाबाई आल्या. ह्या तिथल्या स्वयंपाकीण. पन्नाशीच्या.

अप्पांनी घसा खाकरला. “बस बाई. लाजू नगंस. नाव काय तुजं?”

“बायडाबाई.”

“सैपाक येतो का?”

“चाळीस माणसांचा करते की रोज.”

अप्पांनी पप्पांच्या गुडघ्यावर थाप मारली. “ऐकलाव का? चाळीस!”

रुद्राणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती आईच्या कानाशी लागली. “मम्मी, अप्पा स्थळ बघायलेत!”

“अगं बाई! कुणासाठी?”

अप्पांचे कान शाबूत होते. “कुणासाठी म्हणजे? आमच्या केदारसाठी.”

पप्पांचा चहा नाकातून आला. सटवा जोरजोरात सुशीला चावू लागला.

“पोरगा दिसायला थोराड हाय,” अप्पा सरांना समजावू लागले, “पर वयानं ल्हान हाय. केसाचं म्हणाल, तर डोकं चालवणाऱ्याचं केस गळत्यात.”

“अन् मी कोण मग, अप्पा?” मम्मीने बशी खाली ठेवली.

“तुमी मुलीकडच्या न्हाई का? मग तिकडं बसा की. आमच्या रांगेत कावून बसलाव?”

मम्मी ताडकन उठली आणि खरोखरच समोर, सरांच्या शेजारी जाऊन बसली. पप्पा कसनुसे होऊन म्हणाले, “अगं, त्यांचं काय मनावर घेतीस?” तर ती म्हणाली, “बघू द्या ना तुमच्यासाठी दुसरी. निदान तिला तरी झोप मिळंल का ते बघा.”

विजयसिंह सर अनुभवी होते. अशा माणसाशी वाद घालायचा नाही, त्याच्या कलानं घ्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. ते हसून म्हणाले, “विचारा अप्पा, काय विचारायचं ते.”

आणि अप्पांनी विचारलं. पाणी बोअरचं का नळाचं? उन्हाळ्यात टँकर कोण आणतं? आजारी माणसाला आधी वाढता का शेवटी? पप्पांनी घरून ठरवून आणलेला प्रश्न एकच होता: गाडी सावलीत लावता येते का. रुद्राणीची छाती फुगली. हा आपला आजोबा! सुनेला विसरला, पण काय विचारायचं ते विसरला नाही.

“रातचं दार कोण उघडतं?”

“रात्री दाराला कुलूप असतं, अप्पा. सुरक्षेसाठी.”

“रातचं दार कोण उघडतं?”

“म्हटलं ना, कुलूप असतं.”

“रातचं दार कोण उघडतं?”

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. “अहो, आत्ताच सांगितलं ना दोनदा!” त्यांच्या तोंडून गेलंच. अप्पांनी मान हलवली आणि जाकिटाचं एक बटण लावलं. मम्मीनेही ते कुलूप मनात धरलं, हे रुद्राणीने पाहिलं.

तोवर आत बातमी पोचली होती. बायडाबाईंना बघायला पाहुणे आलेत! तिथं राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या एकेक करून ओसरीत जमू लागल्या. तात्याबा टोपी झटकून आले आणि सरळ मुलीच्या चुलत्याच्या थाटात बसले. वत्सलाबाईंनी कुठून तरी कुंकवाचा करंडा पैदा केला. किती दिवसांत घरात कार्य निघालं नव्हतं! कुणी बायडाबाईंचा पदर सारखा करत होतं, तर कुणी सटवालाच नवरदेव समजून त्याला साखर भरवत होतं.

“मुलगी आमची गुणाची हाय,” तात्याबा म्हणाले. “लई भारी भाकरी करते. जेवूनच जा.”

“हो अप्पा,” सरांनी संधी साधली. “जेवा, आणि आज इथंच मुक्काम करा. उद्या निवांत बोलू.”

सगळं तिथंच फिसकटलं. अप्पा काठी आपटून उभे राहिले.

“मुक्काम? सोयरीक जुळायच्या आधी मुलीच्या दारात मुक्काम? अन् जेवण? आमाला काय समजलाव? सटवा, गाडी काढ!”

“आमचं अन्न गोड लागंना व्हय तुमाला?” तात्याबाही उठले. “लई बघितले घाटनांदूरवाले!”

“म्हणजे मी नापसंत?” बायडाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. “माझा नवरा आत भांडी घासायलाय, ते खरं हाय. पर तोंडावर असं म्हणल्यावर वाईट वाटतंच की.”

एकच गोंधळ माजला. पप्पा सरांची माफी मागत होते, सर तात्याबांची, आणि वत्सलाबाई तेवढ्यात सगळ्यांना कुंकू लावून घेत होत्या. पिशवीत भरून आणलेले अप्पांचे दोन दिवसांचे कपडे जीपमध्ये तसेच पडून होते. रुद्राणी खुर्चीवर चढली. उजवा हात पुढे गेला आणि सभागृहाला पुरेल अशा आवाजात तिच्या तोंडून बाहेर पडलं,

“सर! तुमची स्वतःची आई कुठं राहते?”

वत्सलाबाईंचं कुंकवाचं बोट तात्याबांच्या कपाळाजवळच थांबलं. सरांनी खाली बघितलं. रुद्राणीला वाटलं, गडबडला! खिडकी आपली! पण सर कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. तिथं एक म्हातारी इतका वेळ शांतपणे मेथी निवडत बसली होती.

“हितंच हाय की मी,” ती म्हणाली. “केसरबाई. ह्यो माजा पोरगा. चारचौघांत मला मावशीच म्हणतो. बाकीच्यांना आपापली पोरं आठवू नयेत म्हणून.”

“दिवसभर इथं असते,” सर हळूच म्हणाले. “घरी एकटी ठेवली की ती चूल शोधत फिरते. रात्री घरी घेऊन जातो. रात्री तिला आमच्या घराची कडी हाताला लागली नाही, तर झोप येत नाही.”

रुद्राणी खुर्चीवरून उतरली. हात कुठं ठेवावा ते तिला कळेना. प्रश्न तिने टाकला होता बॉम्बसारखा, आणि तो फुटायचा सोडून उत्तर देऊन गेला होता.

केसरबाईंनी अप्पांकडे पाहिलं. “पाव्हणं, गाव कोणतं तुमचं?”

“घाटनांदूर. तुमचं?”

“केज. गाव कोणतं म्हणलाव?”

“घाटनांदूर. अन् तुमचं?”

“केज. तुमचं गाव कोणतं?”

अप्पा काठी टेकवून परत खाली बसले. कितीतरी वेळ हे असंच चाललं. दोघंही ना चिडली, ना कंटाळली. तात्याबांचाही राग त्या घाटनांदूर-केजच्या फेऱ्यांत विरघळला, आणि तेही मधूनच आपलं गाव सांगू लागले.

मम्मी अजून समोरच बसली होती. अप्पांची नजर तिच्यावर गेली.

“बाई, तुमचं माहेर कुठलं?”

“धर्मापुरी.”

“माहेर कुठलं म्हणलाव?”

“धर्मापुरी, अप्पा. देवळामागची गल्ली.”

“तुमचं माहेर कुठलं?”

पप्पा ओशाळून पुढे झाले, “अप्पा, आता बास...” पण मम्मीने हाताने थांबवलं. तिने त्यांच्या जाकिटाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण नीट लावलं आणि पहिल्यासारख्याच आवाजात म्हणाली, “धर्मापुरी. देवळामागची गल्ली. दारात कडुनिंब हाय.”

अप्पा वळले. “केदार, बाकीचं राहू दे. ही पोरगी पसंत हाय मला.”

 मम्मीने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, ते कुणाला कळेना. बहुधा तिलाही नसेल कळलं. “अप्पा, मला बघायला आलता तवाबी तुमी तीनदाच इचारलतं.”

“मग?” अप्पा म्हणाले. “मी काय चुकीचं माणूस निवडतो व्हय?”

सटवाने पेढ्यांचा पुडा फोडला. बायडाबाईंनी पहिला पेढा मम्मीला भरवला आणि म्हणाल्या, “जा बाई, तूच कर संसार. मला माझा भांडीवाला बरा.”

निघताना अप्पांनी सरांना रीतसर हात जोडून आपल्या पद्धतीचा नमस्कार केला. “शरणार्थ. बोलणं अर्धं राहिलंय. एका बैठकीत काय सोयरीक होत न्हाई. उद्या येतो.”

“या की,” सर म्हणाले. “आमच्याकडं दिवसापुरते येणारे दोघं-तिघं आहेतच.”

जीप घाटनांदूरच्या रस्त्याला लागली. अप्पा पुढे बसून सटवाला त्याचं गाव विचारत होते आणि सटवा प्रत्येक वेळी नव्या उत्साहाने सांगत होता. मागे पप्पा आणि मम्मी दोन्ही खिडक्यांतून बाहेर बघत होते. “आता काय करायचं?” हे पप्पांनी विचारलं नाही, पण त्यांच्या मानेवर ते लिहिलेलं होतं.

मध्ये बसलेल्या रुद्राणीने घसा साफ केला. ह्या वेळी हात पुढे केला नाही.

“मम्मी, पप्पा, ऐका. माझं ठरलंय. उद्यापासून अप्पा सकाळी माझ्यासंगं एसटीनं येणार. मी त्यांना मोगऱ्यात केसरबाईंच्या हवाली करणार, अन् येताना घेऊन येणार. जेवणाचा डबा आपला, कारण मुलीच्या घरी ते जेवायचे न्हाईत. मम्मी दिवसभर झोपंल न्हाईतर मशीन चालवंल, तिची मर्जी. रात्री कडीला पप्पा उठतील. अन् पैजेतली खिडकी मी जिंकलीय, ती अप्पांची. सोयरीक जुळंपर्यंत असंच चालणार. अन् ती लवकर जुळू द्यायची न्हाई, हे मी बघते!”