पूर्णपणे सहमत

"पोरी, तुझे विद्यार्थी एकतर संत आहेत, नाहीतर ठार वेडे," चष्मा कपाळावर सारत चनूरचे संशोधनाचे सर, मामोस्ता बुरहान, म्हणाले आणि त्यांनी कागदांचा गठ्ठा तिच्या पुढ्यात सरकवला.

'मी कोण?' हे तपासणारी एक परदेशी प्रश्नावली चनूरनं वर्षभर खपून कुर्दीत आणली होती. इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानीच्या पोरांवर ती चालते, हे मार्चमधल्या नवरोजच्या आत सिद्ध झालं तर पदवी. नाहीतर वडील तिला काकांच्या शाळेत चिकटवणार, हे ठरलेलंच होतं.

"वाच. 'पुढं काय करायचं ते माझं पक्कं ठरलंय', पूर्णपणे सहमत. 'पुढं काय करायचं याचा मी विचारच केलेला नाही', पूर्णपणे सहमत. हाच पोरगा! आणि सगळ्यांचं असंच. काय दिलं होतंस त्यांना?"

"काही नाही, मामोस्ता. चहा. आणि आईच्या हातची खजुराची बिस्किटं, कुलिच्या."

"झालं! तुझ्या घरचं खाऊन तुझ्याच कागदाला 'नाही' कोण म्हणेल?"

चनूरला स्वतःचाच राग आला. खाल्ल्या मिठाला जागणारी ही पोरं. खरं काढायचं तर मीठच नको. चहाबिहा काही बरोबर न नेता ती नवे कागद घेऊन त्याच इंजिनिअरिंगच्या वर्गात शिरली. लगेच कुजबुज सुरू झाली.

"ताई, घरी सगळं ठीक ना?" पुढच्या बाकावरच्या रेबीननं हळूच विचारलं.

"ठीक आहे. लिही."

"नाही म्हणजे, आज चहा नाही... कुणी आजारी आहे का?"

"कुणी नाही! लिही रे बाबा!"

एवढ्यावर स्वस्थ बसतील तर ती सुलेमानीची पोरं कसली! रेबीननं गुपचूप आईला फोन लावला. ती समोरच्याच गल्लीत राहायची. थोड्याच वेळात भात भरलेल्या द्राक्षपानांच्या दोल्म्याचं पातेलं वर्गात आलं, मागोमाग दही, नान आणि साक्षात रेबीनची आई. आता चनूर त्यांची पाहुणी झाली, आणि पाहुणीचं मन कोण मोडणार?

"ताई, संकोच करू नकोस," रेबीन भरल्या तोंडानं म्हणाला. "कोणतं उत्तर आलं की तुझं काम होईल, तेवढं सांग. आम्ही देतो."

"खरं उत्तर!" चनूरला रडूच फुटलं. "मला वाईट वाटेल असं काहीतरी लिहा रे! नाहीतर माझी पदवी बुडाली."

रेबीननं आईकडे पाहिलं. "आई, इंजिनिअर व्हायचं हे माझं ठरलंय?"

"तुझं कशाला? मी ठरवलंय."

"मग 'असहमत' लिहू?"

"लिही की! पाहुणीनं मागितलंय ना?"

मग सगळ्यांचीच पेनं धावू लागली.

या वेळी प्रत्येकाची स्वतःची उत्तरं एकमेकांशी अशी चोख जुळली की मामोस्तांनी दोनदा तपासून पाहिली. "वा! आता शेवटची खात्री. एक कागद तू भर."

चनूरनं भरला. मामोस्ता पहिल्याच ओळीवर थबकले.

"'हा विषय मी स्वतः विचार करून निवडला', पूर्णपणे असहमत? मग कुणी निवडला?"

"तुम्ही, मामोस्ता. बाबांकडे जेवायला आला होतात, तेव्हा. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?"

मामोस्तांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सहीसाठी पेन शोधू लागले.

"प्रश्नावली चालते म्हणायची," ते पुटपुटले. "जरा जास्तच चालते."