वकीलबाईंना मोघम चालत नाही

आमच्या समोरच्या वकीलबाईंना "या हो चहाला कधीतरी" असं म्हणायची सोय नाही. एकदा मी म्हणून बसले. दार लावता लावता त्या थांबल्या. "कधीतरी म्हणजे कोणत्या वारी? आणि नुसता चहा, की बरोबर काही?" मी घाबरून म्हटलं, "गुरुवारी चारला. चहा आणि थालीपीठ." गुरुवारी चारला बाई हजर. नेमकं लोणी संपलेलं. तर म्हणतात, "लोणी तुम्ही कबूल केलं नव्हतं. तक्रार नाही."

बाईंनी सगळा जन्म शिवाजीनगरच्या कोर्टात दिवाणी दावे चालवले. लग्न केलं नाही. स्थळांची माहिती मोघम होती, म्हणतात. समोरच्याने दाव्यात गोलगोल काही लिहिलं, की यांचा अर्ज तयार: कधी, कुठे, कुणासमोर, ते नीट सांगा. आता कोर्टात जाणं बंद झालंय, पण खोड कुठे जाते? बिबवेवाडीत सगळे भाजीवाले त्यांना ओळखून आहेत.

"ताजी आहे, मावशी."

"हे मोघम झालं. कुठली? कधी तोडलेली?"

"मांजरी गावची. पहाटे तोडली. मेथी घेताय, का सोयरीक जुळवताय?"

बाईंनी शांतपणे दोन जुड्या घेतल्या. उत्तर पूर्ण होतं ना!

तर अशा या बाईंवर गेल्या वर्षी त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनेच दावा लावला. नलूताई नागपूरला असतात. आई इथे बाईंकडे राहिली, अंथरुणाला खिळली, आणि गेली. आईच्या नावावरच्या या फ्लॅटमध्ये नलूताईंनी निम्मा हिस्सा मागितला आणि वर लिहिलं, 'प्रतिवादीने आईची वेळोवेळी आबाळ केली.'

निम्म्याला बाईंची हरकत नव्हती. 'वेळोवेळी'ला होती.

"अहो, रागात लिहिलं असेल. बहीण आहे," मी म्हटलं.

"दाव्यात ती वादी आहे. कोणत्या वेळी? कसली आबाळ? सांगू दे की."

बाईंनी स्वतःच अर्ज लिहिला आणि कोर्टाने तो मंजूरही केला. आता पुढच्या तारखेला नलूताईंनी तपशील द्यायचा, नाहीतर ते वाक्य खोडलं जाणार. म्हणजे बाई जिंकल्यातच जमा. पण त्या दिवसांत भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला, की बाई मुकाट्याने पिशवी पुढे करायच्या.

तारखेच्या आदल्या दिवशी नलूताईच दारात उभ्या. मी बाईंची वाटी परत द्यायला गेले होते. उठायला लागले, तर बाईंनी हात धरून बसवलं.

"ताई, मला नाही देता येत तपशील," नलूताई म्हणाल्या. "मी इथे होते कुठे? आई गेली तेही फोनवरच कळलं. मला काहीच माहीत नाही गं."

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "मग विचार. काय विचारायचं ते विचार."

नलूताई विचारत गेल्या. काय खायची? मऊ भात, वर मेतकूट. झोप लागायची? डाव्या कुशीवर, दिवा चालू ठेवून. आणि केस? शेवटी कापावे लागले. वेणी कपाटात ठेवलीय, हवी तर ने. प्रश्नाला उत्तर, प्रश्नाला उत्तर, साक्ष चालावी तसं.

"माझी आठवण काढायची?"

बाई पेल्यात आणखी पाणी ओतू लागल्या. "काढायची की."

"काय म्हणायची?"

"काय म्हणणार... हेच, नलू कशी असेल, वगैरे."

बाईंच्या तोंडून 'वगैरे' मी पहिल्यांदा ऐकलं. मी रोज दुपारी आईंपाशी बसायला जायचे हो. शेवटच्या वर्षी त्यांना नलूच काय, उशाशी बसलेल्या बाईही ओळखू येत नसत. "तुम्ही कुणाच्या हो?" असं आई लेकीलाच विचारायच्या, आणि बाई दर वेळी आपलं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं सांगायच्या.

नलूताई डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "वहिनी, खरंच?"

"हो तर," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.